यकृतातील चरबी : औषध आले, तरी वेळ आपल्याच हाती

‘लिव्हरला चरबी आहे, पण त्यावर औषध नाही,’ असे मी वर्षानुवर्षे रुग्णांना सांगत आलो. आता हे वाक्य बदलावे लागत आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम या गोळीला, तर ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या इंजेक्शनला मान्यता दिली. मात्र ही मान्यता यकृत कडक होऊ लागलेल्या, पण सिरोसिसपर्यंत न पोहोचलेल्या रुग्णांसाठी आहे. म्हणूनच घरातील ज्येष्ठांना मधुमेह किंवा स्थूलता असल्यास फायब्रोस्कॅन या वेदनारहित तपासणीविषयी आपल्या डॉक्टरांना आजच विचारा. सेमाग्लुटाइडने भूक मंदावते. कृश वृद्धांचे स्नायू त्यामुळे अधिक झिजू शकतात. औषध सुरू झाले, तरी पथ्य आणि रोजचे चालणे सोडू नये.