आधी थांबायला शिका : गुलमर्गमधले आमचे सहा दिवस

आजचा विषय आहे स्कीइंग. हसू नका! आम्ही दोघं बडोद्याचे. माझी पन्नाशी जवळ आलेली, ह्यांची उलटून गेलेली. बर्फ म्हणाल तर उसाच्या रसात पडतो तेवढाच ओळखीचा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा लेकीने विचारलं, काय हवं? हे पटकन बोलून गेले, "गुलमर्गला जाऊ. पण फोटो काढायला नाही, स्की शिकायला."

पहिला प्रश्न, जायचं कधी? बर्फ तुमच्या तिकिटाची तारीख बघून पडत नाही. जानेवारी 2024च्या सुरुवातीला गुलमर्गमध्ये बर्फच नव्हता, उतारांवर सुकलेलं गवत दिसत होतं. म्हणून आम्ही फेब्रुवारी धरला. श्रीनगरहून टंगमर्गपर्यंत साधी गाडी जाते. पुढचा घाट चढायला चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते. त्या साखळ्यांचा खडखडाट ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या दुकानात गेलो. स्कीचा बूट असा करकचून बसतो की पाय प्लास्टरमध्ये घातल्यासारखा वाटतो. बरेच जण सैल बूट मागतात, ती चूक आहे. पाय आत हलला तर स्की तुमचं ऐकणार कशी? पण खरी गंमत पुढे आहे. बूट ज्या खटक्याने स्कीला अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. जोरात पडलात तर तो खटका सुटला पाहिजे, नाहीतर अडकलेली लांब पट्टी गुडघा पिरगाळते. तो किती ताणावर सुटावा हे तुमचं वजन, उंची, बुटाची लांबी आणि सराव बघून ठरवतात. दुकानदाराने वजन विचारलं, तर ह्यांनी शांतपणे नऊ किलो कमी सांगितलं! तासाभरात साध्या वळणावर ह्यांची उजवी स्की सुटून एकटीच खाली गेली. मंडळी, तिथे वजन खरं सांगा.

आमचे शिक्षक टंगमर्गचे, वयाने आमच्या मुलासारखे. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पहले रुकना सीखो, चलना तो पहाड़ सिखा देगा." थांबायचं कसं? दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब करायची. कौलारू घराचं छप्पर डोळ्यांसमोर आणा. मग आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. वळायचं असेल तर त्याच आकारात एका पायावर वजन टाकायचं. डाव्या पायावर टाकलं की उजवीकडे वळता.

ऐकायला सोपं आहे. पण उतार दिसला की माणूस भीतीने मागे रेलतो. मागे रेललं की स्कीच्या पुढच्या भागावरचा दाब जातो, ती वळत नाही, वेग वाढतो आणि आपण आणखी मागे रेलतो. उपाय उलटा आहे. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर टेकवून दरीकडे झुकायचं. मला हे जमायला तीन दिवस लागले. ह्यांना दीड, आणि ते त्यांनी दिवसातून चार वेळा ऐकवलं.

उन्हाचंही सांगते. थंडी असली तरी ऊन भाजतं, कारण ताजा बर्फ अतिनील किरणं 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. काळा चष्मा हवाच.

पाचव्या दिवशी आमचं भांडण झालं. आधीचे दोन दिवस भरपूर बर्फ पडला होता, आणि त्या सकाळी लख्ख ऊन. हॉटेलबाहेर एकाने ह्यांना गाठलं आणि म्हणाला, गोंडोलाने थेट अफरवटला नेतो, भुसभुशीत बर्फातून खाली आणतो. गुलमर्ग आहे सुमारे 2,650 मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडूरीला संपतो आणि दुसरा जवळपास 4,000 मीटरवर पोचवतो. तिथे आमच्या शिकाऊ उतारासारखी मऊ सपाटी नाही. मी म्हटलं, "नाही जायचं." हे म्हणाले, "अगं, एवढ्या लांब आलो ते कशाला?"

शिक्षकांनी जे समजावलं ते सांगते. बर्फ थराथरांनी साठतो. मधला एखादा थर जाड्या साखरेसारखा सुटा राहतो. त्यावर नव्या बर्फाचं ओझं पडलं, वाऱ्याने आणखी रचलं, की एका माणसाच्या वजनानेही वरची अख्खी लादी सुटू शकते. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, आणि नेमका तोच उतार स्की करणाऱ्यांना आवडतो. मोठ्या बर्फानंतरचा पहिला लख्ख दिवस म्हणूनच फसवा असतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या काही मिनिटांत निघाला तर वाचण्याची आशा चांगली असते, पंधरा मिनिटांनंतर ती झपाट्याने घसरते. त्यामुळे अंगावर संदेश देणारं बीकन, फावडं आणि लांब सळई लागते, आणि ते वापरता येणारा सोबती. त्या माणसाकडे होती फक्त स्की. फेब्रुवारी 2023मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू दगावले, पुढच्या फेब्रुवारीत एक रशियन. ही हौशी सहलीची माणसं नव्हती.

निघताना आम्ही ठरवलं होतं, दोघांपैकी एकाने नाही म्हटलं की नाही. तेच मी आठवण करून दिलं. आम्ही पहिल्या टप्प्याचं तिकीट काढलं. कोंगडूरीला हे तासभर माझ्याशी बोलले नाहीत. दुपारी वरून आलेली माणसं हसत हसत उतरली, तेव्हा म्हणाले, "बघ, आले ना सगळे सुखरूप?"

आले, हे खरंच. त्या दिवशी काहीच झालं नाही. पण उतार सुटला नाही म्हणून तो पक्का होता असं नव्हे, हे त्यांना पटवायला मला परतीचा सगळा प्रवास लागला. पटलं की नाही ते अजून नक्की सांगत नाहीत.

सहाव्या दिवशी मात्र शिकाऊ उतारावर हे वरून वेगात आले, छप्पर केलं आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबले. म्हणाले, "अगं, काढलास का फोटो?" मोबाइल माझ्या हातमोज्यात नव्हताच, तो हॉटेलवर चार्जिंगला होता.