जुन्या जीपचे टायर

विलिस नमुन्याच्या जुन्या जीपगाड्या आजही कोठे कोठे शेतीच्या कामी येतात. त्यांचे टायर बदलताना एका गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष होते. चारही चाके ओढू लागली की पुढील व मागील आस एकाच गतीने फिरतात. मागचे टायर नवे व पुढचे झिजलेले असतील, तर त्यांच्या घेरात फरक पडतो आणि कठीण सडकेवर त्याचा ताण गिअरपेटीच्या दात्यांवर येतो. दोनच नवे टायर घेऊन केलेली काटकसर अशा वेळी महाग पडते. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे व सारखे झिजलेले असावेत. चार चाकांची जोड चिखलातच द्यावी व डांबरी सडक लागताच सोडवावी.

टायरवर ६.००-१६ असे माप असल्यास पहिला आकडा रुंदी व दुसरा रिमचा व्यास, इंचांत, दर्शवितो. चार आकडी खूणही पाहावी. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. न वापरता पडून राहिलेले रबरही कडक होऊन तडकते.

काळ्या जमिनीत रुंद खाचांचे टायर चिखल झटकतात. सडकेवर मात्र लवकर झिजतात. हवा टायर थंड असताना मोजावी. ती कमी असल्यास टायरच्या कडा, अधिक असल्यास मध्यभाग झिजतो. चिखलासाठी हवा उतरवली असल्यास सडकेवर येण्यापूर्वी पुन्हा भरावी. फारच उतरवल्यास टायर रिमवर सरकतो आणि ट्यूब व्हॉल्वपाशी फाटते.