विमानातली वर्गणी

मुलांनो, सुट्टीत चार मित्र मिळून जीपने सहलीला जातात, ते तुम्ही पाहिलंच असेल. परत आल्यावर मोठी माणसं हिशेबाला बसतात. डिझेल इतकं, टोल इतका, भागिले चार! ही झाली वर्गणी. स्टँडबाहेरच्या वडापवाल्याला आपण देतो ते मात्र भाडं. खिशातून पैसे दोन्हीकडे जातात. मग फरक कशात?

याचं उत्तर शोधायला थेट आकाशात जाऊ या!

अमेरिकेत हौस म्हणून विमान चालवणारी पुष्कळ माणसं आहेत. किमान ४० तास उड्डाण केलं आणि परीक्षा पास झालं, की खाजगी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. मग सेसना १७२ सारखं चार जणांचं छोटं विमान भाड्याने घ्यायचं आणि निघायचं. पण ही हौस भलतीच महाग! म्हणून बरोबरच्यांनी खर्च वाटून घ्यायला तिथल्या कायद्याची मुभा आहे. अटी मात्र कडक हं!

समजा, वैमानिक आणि त्याचे तीन मित्र निघाले. विमानाचं भाडं, इंधन, ऑइल आणि विमानतळाचा आकार मिळून ४०० डॉलर झाले. तर वैमानिकाने स्वतःचे १०० डॉलर भरलेच पाहिजेत. मित्र म्हणाले, "तू चालवतोयस ना, मग तू नको देऊस," तरी चालत नाही. फुकट उडायला मिळणं हीसुद्धा कमाईच, असं तिथे मानतात! शिवाय वैमानिकालाही त्या गावी जायचं असलं पाहिजे. आणि "चला, जागा आहे!" असं अनोळखी लोकांना बोलवायचं नाही. एका कंपनीला इंटरनेटवर अशा जागा जुळवून द्यायच्या होत्या. विमान खात्याने मनाई केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयानेही ती कायम ठेवली. युरोपात मात्र जाहिरात चालते. तिथे वैमानिक धरून सहा जणांपर्यंत खर्च वाटता येतो, पण वैमानिकाला आपला वाटा चुकत नाही.

तुम्ही म्हणाल, "एवढी कटकट कशाला?"

ऐका तर. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री एमिलियानो साला हा २८ वर्षांचा अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू फ्रान्समधल्या नाँतहून कार्डिफला निघाला. नवा संघ त्याची वाट पाहत होता. छोटं विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. साला आणि वैमानिक दोघेही गेले. चौकशीत कळलं, की वैमानिकाला या फेरीचे पैसे मिळणार होते, पण त्याचा परवाना खाजगी होता. रात्री उडायचीही त्याला परवानगी नव्हती. शिवाय इंजिनाचा विषारी धूर आत शिरला असावा. भाड्याच्या विमानांना लागू असलेले सुरक्षेचे नियम या फेरीत पाळले गेले नव्हते. २०२१ मध्ये ही फेरी ठरवणाऱ्याला दीड वर्षाची कैद झाली.

आता फरक कळला? वर्गणीत सगळे सोबती असतात. भाडं घेतलं, की मात्र समोरच्याच्या जिवाची जबाबदारी आली. म्हणूनच अमेरिकेत पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या वैमानिकाला साधारण २५० तासांचा अनुभव लागतो, विमानाची तपासणीही जास्त कडक होते.

आपल्याकडे पेट्रोल-डिझेलच्या खाजगी गाडीची नंबरपाटी पांढरी आणि भाड्याच्या गाडीची पिवळी असते. ती उगीच नव्हे! पुढच्या वेळी गाडीत बसण्याआधी पाटीकडे जरूर बघा. आणि आईबाबांनाही दाखवा!