दोष रायटरचा की डिस्कचा?

डीव्हीडी रायटरवर खापर फोडणे सर्वांत सोपे असते. ब्लँक डिस्क ट्रेमध्ये ठेवली, बर्निंग सुरू झाले, मध्येच कॉम्प्युटरवर एरर आला आणि डिस्क वाया गेली, की ‘रायटर गेला, नवा बसवा’ असा निकाल लगेच लागतो. कर्जत, नेरळ, चौक, खोपोली या बाजारगावांत लग्नाची, हळदीची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची शूटिंग डीव्हीडीवर मारून देण्याचा धंदा जोरात होता, तेव्हाही निकाल हाच असे. आता गिऱ्हाईक पेनड्राइव्ह मागते. तरीही हे यंत्र पूर्ण हद्दपार झालेले नाही. सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या प्रतिमा अजून सीडीवर हातात पडतात, कोर्टाच्या कागदपत्रांना सीसीटीव्ही फुटेजची डिस्क जोडलेली असते आणि घराघरांतल्या कपाटांत लग्नाच्या डिस्क पडून आहेत. म्हणून दोन प्रश्नांचा नीट विचार करायला हवा: डिस्क वाया जाते तेव्हा खरा दोषी कोण, आणि रायटर बदलायचाच झाला तर काय पाहून घ्यायचा? दोन्हींचे उत्तर एकाच मुद्द्यात आहे. रायटर एकट्याने लिहीत नाही. डिस्क, लेसर आणि कॉम्प्युटर या तिघांचे जुळले तरच लिखाण होते, आणि आज या तिघांत सर्वांत नाजूक झाली आहे ती डिस्क.

डीव्हीडी म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली तबकडी. कोऱ्या डिस्कमध्ये या दोहोंच्या मध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. रायटरचा ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर तो थर तापवून त्यावर खुणा उमटवतो, आणि या खुणांच्या शेजारशेजारच्या रांगांत अंतर असते अवघे ०.७४ मायक्रॉन. इतक्या दाटीत थर जरा जास्त तापला तर खूण पसरते, कमी तापला तर पुसट राहते. म्हणून प्रत्येक कोऱ्या डिस्कवर तिच्या कारखान्याची ओळख सांगणारा संकेतांक आधीच कोरलेला असतो. रायटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आत बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, अशा संकेतांकांची यादी आणि प्रत्येकासमोर लेसर कसा चालवायचा याची कृती असते. संकेतांक जुळला की रायटर ती कृती उचलतो, डिस्कच्या आतल्या कडेच्या राखीव जागेत चाचणी म्हणून थोडे लिहून पाहतो, लेसरची ताकद ठरवतो आणि मगच खरे काम सुरू करतो. संकेतांक यादीत नसला तर सर्वसाधारण कृतीवर भागवावे लागते. घरच्या ‘कर्जत-३’ तांदळाला पाणी किती लागते हे हाताला ठाऊक असते, बाजारातून आणलेल्या अनोळखी तांदळाचे मात्र अंदाजावर शिजवावे लागते, तशीच ही गत.

यातूनच पुढची अडचण येते. खोक्यावरचे नाव म्हणजे कारखान्याचे नाव नव्हे. एकाच ब्रँडच्या दोन पुड्यांत दोन वेगळ्या कारखान्यांच्या डिस्क निघू शकतात, आणि गेल्या दशकात तर कारखानेच हलले. दर्जासाठी नावाजलेल्या जपानच्या ताइयो युडेनने २०१५ मध्ये या धंद्यातून अंग काढले. व्हर्बेटिमचा ब्रँड मित्सुबिशीने २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसी कंपनीला विकला. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेली मोझर बेअर ही एके काळी जगातल्या अगदी मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी होती. २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिची मालमत्ता विकून ती बंद करण्याचा आदेश दिला. रायटरच्या फर्मवेअरची यादी मात्र बहुधा तो बनला त्या वेळचीच राहते. दहा वर्षांपूर्वीच्या रायटरला आजची पुडी ओळखता आली नाही, तर त्याला बिघाड म्हणता येणार नाही. अशा वेळी नवा रायटर आणण्याआधी निराळ्या कारखान्याची डिस्क आणून पाहावी. संकेतांक कोणता, हे इमजीबर्न हे फुकट सॉफ्टवेअर दाखवते. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची असली तरी या कामाला ती पुरते.

दोष कुठे आहे हे एरर कोणत्या टप्प्यावर येतो त्यावरून बरेचसे कळते. सुरुवातीलाच ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ आला तर चाचणीचे लिखाणच जमलेले नाही. तिथे संशय आधी डिस्कवर, मग लेन्सवरच्या धुळीवर, आणि शेवटी लेसरवर. काम मधेच अडखळले तर कॉम्प्युटरकडे पाहावे: भरत आलेली हार्डडिस्क, सैल झालेली सॅटा केबल, एकाच वेळी चाललेली दुसरी कामे. जुन्या आयडीई केबलच्या एक्सपी कॉम्प्युटरवर तर वारंवार एरर आले की विंडोज स्वतःच जलद डीएमए मोड सोडून संथ पीआयओ मोडवर उतरत असे आणि रायटरला माहिती वेळेवर पोहोचत नसे. शेवटी शेवटी, बाहेरच्या कडेपाशी लिखाण फसले तर बहुधा डिस्कच वाकडी असते किंवा तिचा थर कडेला असमान असतो. चौथा प्रकार सर्वांत फसवा: बर्निंग पूर्ण होते, कॉम्प्युटरवर डिस्क चालते, पण टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरवर चालत नाही. तिथे डिस्क फायनलाइज, म्हणजे लिखाण संपवून बंद, झालेली नसते, किंवा एमपीफोर फाइल नुसत्या डेटा म्हणून टाकलेल्या असतात. जुन्या प्लेअरला एमपीईजी-२ स्वरूपाचा डीव्हीडी-व्हिडिओ लागतो. लेन्स आणि लेसर सोडले तर यातला एकही दोष नव्या रायटरने जात नाही.

या तपासणीत कर्जत-खालापूरच्या हवेचा हिशेब वेगळा धरावा लागतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पावसाळ्याचे चार महिने भिंतीही पाझरतात. दमट हवेत लेन्सवर बाष्प धरते, त्यावर धूळ बसते, आणि उघड्या पुडीतल्या डिस्कवर बुरशीचे डाग येतात. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या उष्ण, दमट देशातून आलेल्या एका सीडीत बुरशीने आत शिरून ॲल्युमिनियमचा थर खाल्ल्याचे स्पॅनिश संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले होते. आपल्याकडच्या प्रत्येक कपाटात हे घडते असे नव्हे, पण दमटपणाला डिस्कचा शत्रू मानायला एवढे पुरे. दुसरा शत्रू वीज. खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राने १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली, तरी शंभर वर्षांनंतरही आसपासच्या गावांत पावसाळ्यात वीज जाणे-येणे चालूच असते. बर्निंगच्या मध्यावर वीज गेली तर ती डिस्क गेलीच. २००० नंतरच्या रायटरमध्ये माहिती खुंटली तर थांबून पुन्हा सुरू करण्याची सोय आली, पण ती सोय वीज गेल्यावर उपयोगी नाही. तिथे यूपीएसच हवा.

यावर कोणी म्हणेल, की असे असले तरी रायटरही म्हातारा होतोच. अगदी खरे. लिहिताना लेसरला वाचण्यापेक्षा कितीतरी पट ताकद लावावी लागते, म्हणून त्याची लिहिण्याची क्षमता आधी जाते आणि वाचण्याची नंतर. निरनिराळ्या कारखान्यांच्या दोन-तीन चांगल्या डिस्क, दुसरी केबल आणि शक्य असल्यास दुसरा कॉम्प्युटर, एवढे करूनही लिखाण फसत असेल आणि वाचन मात्र नीट होत असेल, तर लेसर थकला असे समजावे. सीडी वाचतो पण डीव्हीडी नाही, किंवा उलट, असे असेल तर निदान आणखी पक्के होते, कारण सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० चा असे दोन लेसर असतात आणि त्यांतला एकच गेलेला असतो. मग मात्र दुरुस्तीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. नवा रायटर त्याहून स्वस्त पडतो.

निवडताना लोक पहिल्यांदा वेग पाहतात, आणि तिथेच फसतात. १६ एक्स किंवा २४ एक्स हा आकडा फक्त बाहेरच्या कडेपाशी गाठला जातो. ४.७ जीबीची पूर्ण डिस्क ८ एक्सने सात-आठ मिनिटांत होते, १६ एक्सने पाच-सहा. दोन मिनिटे वाचवायला डिस्क मिनिटाला नऊ हजारांहून अधिक फेरे घेते आणि एररचे प्रमाण वाढते. मग सर्वांत कमी वेग सर्वांत चांगला का? तेही नाही. १६ एक्ससाठी बनवलेल्या डिस्कचा थर फार संथ लेसरसाठी आखलेला नसतो, म्हणून मधला ८ एक्स बहुतेक वेळा नीट बसतो. आणि तो वेग बाजारातला कुठलाही रायटर देतो.

तेव्हा वेगापेक्षा जोडणी आणि वाचन पाहावे. डेस्कटॉपला सॅटावरचा पूर्ण आकाराचा रायटर मोटर आणि वीजपुरवठा या दोन्ही बाबतींत यूएसबीच्या सडपातळ रायटरपेक्षा भक्कम असतो. लॅपटॉपला मात्र बाहेरचा यूएसबी रायटरच लागतो. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच वीज मिळते, म्हणून दोन प्लगांची केबल असलेलाच घ्यावा किंवा यूएसबी ३ पोर्टला जोडावा. नाहीतर वीज पुरत नाही आणि एरर रायटरच्या माथी मारला जातो. ट्रेवाला घ्यावा, कारण डिस्क आत ओढून घेणाऱ्या फटीत जुन्या हँडिकॅमच्या ८ सेंटीमीटरच्या छोट्या डिस्क टाकता येत नाहीत. डीव्हीडी-आर, प्लस-आर, दुहेरी थराची ८.५ जीबीची डिस्क आणि डीव्हीडी-रॅम, सगळे वाचणारा मिळाला तर उत्तम.

आता सर्वांत मोठा आक्षेप: पेनड्राइव्ह आणि क्लाउडच्या काळात रायटर घ्यायचाच कशाला? रोजच्या देवाणघेवाणीसाठी घेऊ नये, हे मान्य. पण एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरचे लिखाण बदलता येत नाही आणि पेनड्राइव्हवरची फाइल कोणीही बदलू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र आणि हॅश मूल्य मागितले आहे, म्हणून डिस्क हाच एकमेव मार्ग उरलेला नाही, तरी न बदलणाऱ्या प्रतीची गरज त्यातून अधोरेखितच होते. याहून मोठे कारण मात्र वाचण्याचे आहे. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. अशी माघार एकापाठोपाठ एक होत आहे. उद्या रायटरचीही हीच गत होऊन ते मिळेनासे झाले की घरातल्या डिस्क शाबूत असूनही मुक्या होतील, आणि दमट कपाटात त्या तशाही शाबूत राहणार नाहीत. नवा रायटर आजच घ्यावा, पण पहिले काम त्याच्याकडून लिहून घेण्याचे नव्हे, कपाटातल्या डिस्क हार्डडिस्कवर उतरवून घेण्याचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा जवळच्या दुकानात जाताना घरातली सर्वांत हट्टी डिस्क बरोबर न्यावी आणि दुकानदार लावून दाखवायला तयार असेल तर तिथेच चालवून पाहावी. वेग खोक्यावर छापलेला असतो. वाचण्याची ताकद अशा डिस्कवरच कळते.