आधारची झेरॉक्स आणि आपली बेफिकिरी

भिवंडीसारख्या गावात, जिथे यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला लागताना, गोदामात रुजू होताना किंवा भाड्याच्या खोलीचा करारनामा करताना आधारची नक्कल मागितली जाते, आणि ती काढण्यासाठी मनुष्य झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर आपले व्हॉट्सॲप निःशंकपणे उघडतो, तिथे खासगीपणाची चर्चा केवळ तात्त्विक राहू शकत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा; परंतु दुकानातल्या संगणकात राहून गेलेली फाइल पुसायला न्यायालय येत नाही. म्हणून काम आटोपताच फोनमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ या सदरातून त्या संगणकाची जोडणी तोडावी, आणि उतरवलेली फाइल, रिसायकल बिनमधूनसुद्धा, आपल्यादेखत काढून टाकवावी. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्याव्यात!

पूर्ण क्रमांकाची निकड नसेल तिथे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. त्यात १२ पैकी शेवटचे ४ अंकच दिसतात. ज्यांच्या बँकखात्यातून अंगठ्याच्या ठशावर पैसे निघू शकतात, त्यांनी तर आधारच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिकला कुलूप घालण्याची तजवीज अवश्य करावी, कारण ते गरजेपुरते तात्पुरते उघडता येते. आपल्या नावावर भलत्याच इसमाने सिमकार्ड घेतले आहे काय, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर विनामूल्य कळते. आणि पैसे गेलेच, तर पंचनाम्याच्या विचारात वेळ न दवडता तत्क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक फिरवावा; रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते.