सुट्टीतली सुट्टी

अंदमानला पक्षी बघायला जाताय? मग एक दिवस रिकामा ठेवा. मान्य आहे, विमानाचं तिकीट महाग, रजा मोजून सहा दिवसांची, आणि या बेटांवर असे पक्षी आहेत, जे जगात दुसरीकडे कुठेच दिसत नाहीत. तरीही ठेवा.

आमचं काय झालं ते सांगते. पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम) साधारण २५ किलोमीटरवर चिडिया टापू आहे, त्याच्याजवळ आम्ही चौघं उतरलो होतो. इथे घड्याळ आपलंच, पण सूर्य मुंबईपेक्षा तासाहून जास्त आधी उगवतो. त्यामुळे पहाटे चारला उठायचं, जंगलात काळाकुट्ट अंदमानी सुतार आणि कोतवाल शोधायचे. दुपारी सिप्पीघाट गाठायचं. २००४च्या भूकंपात तिथली जमीन खचली, शेतांत समुद्राचं पाणी शिरलं आणि आता तिथे अंदमानची बदकं पोहतात. साडेपाचला सूर्य बुडाला की लगेच टॉर्च घेऊन घुबडांच्या मागे. चौथ्या रात्री एक घुबड अगदी समोर येऊन बसलं. मी काय केलं असेल? मोबाइल काढून यादीत टिक केली. मान वर केली तर फांदी रिकामी!

पाचव्या पहाटे मी अंथरुणातूनच सांगितलं, ‘मी येत नाहीये.’

‘वेडी आहेस का? अजून क्रेक बाकी आहे!’ एक मित्र भडकलाच. क्रेक म्हणजे जंगलातल्या ओल्या पाचोळ्यात वावरणारा तांबूस, हिरव्या चोचीचा, महालाजाळू पक्षी. ‘एवढे पैसे खर्च करून झोपायला आलीस?’ तो गाइडबरोबर निघून गेला. त्याचं चुकत नव्हतं. गाडीचे पैसे तर चौघांत वाटलेले होते.

मग मी व्हरांड्यात चहा घेऊन बसले. डोक्यावर वाशाला पाकोळ्यांची घरटी. पहिल्याच दिवशी दहा सेकंदांत बघून आम्ही ती ‘संपवली’ होती. आज मान मोडेपर्यंत बघितली. पाठ निळी-हिरवी चकचकीत, पोट पांढुरकं. वाटीएवढं घरटं, झाडपाल्याचे तंतू थुंकीने चिकटवून केलेलं. पाकोळी आपल्यासमोर तारेवर कधीच बसत नाही, कारण तिचे पाय फक्त लटकण्यासाठी बनलेत. आणि ती आपल्या घरांत का येते माहितीये? तिला उजेड लागतो. तिची चुलत बहीण, जिच्या घरट्यांचं सूप चीनमध्ये महागडं मानतात, काळोख्या गुहेत स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. हिला ते जमत नाही.

दुपारी ओहोटी लागली. उघड्या पडलेल्या खडकांवर राखाडी समुद्री बगळा एकाच जागी इतका वेळ उभा, की मला डुलकी लागली. जागी झाले तरी तो तिथेच. वर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड घिरट्या घालत होता. घरमालकीण मासे साफ करता करता हिंदीत म्हणाली, ‘आज आराम?’ मी लाजून मान हलवली.

तुम्ही बेत आखाल तेव्हा हा दिवस मधला ठेवा. शेवटचा ठेवलात तर तो बॅगा भरण्यातच जातो. राहायची जागा व्हरांडा आणि झाडं बघून निवडा, एसी बघून नको. आणि मोबाइल आत चार्जिंगला.

संध्याकाळी मित्र परतला. चिखलाने माखलेला, चेहरा उजळलेला. क्रेक दिसला होता! फोटोत तपकिरी धूसर डाग आणि अर्धी हिरवी चोच. मी अभिनंदन केलं. जळले का? भरपूर. अजूनही माझ्या यादीत क्रेक नाही.

तो आंघोळीला गेला तेव्हा एकेक पाकोळी आत शिरत होती. मी दिवा लावला नाही, पुरतं अंधारेपर्यंत तिथेच बसून मोजत राहिले. अकरा.