तिकिटावरचं सुविधा शुल्क: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीडमध्ये बसून पुण्यातल्या मैफलीचं किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मल्टिप्लेक्सचं तिकीट काढायचं तर मोबाइलशिवाय इलाज नाही. समजा, तिकीट 200 रुपयांचं आहे. चौघांचे 800 होतील असं धरून आपण खुर्च्या निवडतो, नाव-नंबर भरतो आणि पैसे भरायच्या पानावर आकडा येतो 941 रुपये 60 पैसे. दर तिकिटामागे 30 रुपये सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. तोवर घरातली पोरं तयार होऊन बसलेली असतात, म्हणून आपण चडफडत पैसे भरतो. हा संताप रास्तच आहे. पण अर्धवट माहितीमुळे तो नको तिथे खर्ची पडतो.

‘या शुल्कावर सरकारची बंदी आहे’ असं अजूनही पुष्कळ जण ठामपणे सांगतात. बंदी होती, हे खरं. राज्य शासनाने 4 एप्रिल 2013 आणि 18 मार्च 2014 च्या आदेशांनी चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटावर असं शुल्क घ्यायला मनाई केली होती. मल्टिप्लेक्सवाले आणि तिकीट विकणारी कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि 10 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. कायद्याचा आधार नसताना व्यवसायावर असं बंधन घालता येत नाही, आणि ग्राहकाला थिएटरवर जाऊन तिकीट काढण्याचा पर्याय आहेच, असं न्यायालयाने म्हटलं. गावातल्या टॉकीजपुरतं हे पटतं. पुण्यातल्या कार्यक्रमासाठी मात्र बीडकराला तो पर्याय नावालाच उरतो.

म्हणजे शुल्क घेणं आज बेकायदा नाही. पण म्हणून ते कसंही लपवून घ्यायला मोकळीक मिळाली, असंही नाही. केंद्राच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सगळे आकार धरून एकूण किंमत फोड करून दाखवावी लागते. आधीच टिक केलेल्या चौकटीतून ग्राहकाची संमती गृहीत धरता येत नाही. 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी तर अशा 13 फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी वाढवणं, म्हणजे ‘ड्रिप प्रायसिंग’, त्यात आहे. न विचारता बिलात देणगी किंवा विमा घुसवणंही आहे. रुपया-दोन रुपयांची देणगी असली तरी ती आपल्याला विचारूनच घेतली पाहिजे.

‘हा सरकारी कर आहे’ किंवा ‘बँक कापते’, ही समजूतही चुकीची. शुल्क कंपनीच्या व्यवसायाचं उत्पन्न आहे. सरकारकडे जातो तो त्यावरचा जीएसटी. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर तर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराला किंवा कंपनीला बँकेचं व्यवहार शुल्कच लागत नाही. म्हणून यूपीआयने पैसे भरताना ‘बँकेचा खर्च’ हे कारण कुणी सांगितलं तर मान्य करू नका. तिकीट रद्द केलं की शुल्क परत मिळतं, याही भरवशावर राहू नका. रेल्वेच्या ई-तिकिटाचं सुविधा शुल्कसुद्धा परत मिळत नाही. फरक इतकाच की रेल्वे ते पूर्ण तिकिटामागे घेते, माणशी नाही.

‘कंपनी मुंबईची, बीडहून काय भांडणार?’ या एका समजुतीपायी सर्वाधिक लोक गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 34 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारावर तक्रारीला फी नाही, वकील लावायची सक्तीही नाही. दोन वर्षांची मुदत असते. आयोगात जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून पाहा. मात्र पुरावा हातात हवा. पुढच्या वेळी तिकीट काढताना किंमत दाखवणाऱ्या पहिल्या पानाचा आणि पैसे भरायच्या शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट नक्की काढून ठेवा.